टँकची ३५वी स्टेज

पिवळी कॅसेट, तिच्यावर मारिओचं चित्र आणि जाड अक्षरात '९९९९९९९ इन १'. नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं आपल्याकडे 'व्हिडिओ गेम' म्हटलं की हीच कॅसेट डोळ्यांसमोर यायची. यंत्रावर नाव सामुराई असो, मीडिया असो, लिटल मास्टर असो की काहीच नसो, आतली रचना एकच होती. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ला जपानमध्ये विकायला काढलेल्या फॅमिकॉमची. मासायुकी उएमुरा यांनी आखलेलं हे यंत्र १४,८०० येनला मिळत होतं. आपल्याकडे त्याची भावंडं आली ती उशिरा आणि स्वस्तात, आणि मे महिन्याच्या सुट्ट्या त्यांनी व्यापून टाकल्या.

या कॅसेटमधले खेळ आपल्याला पाठ आहेत असं सगळ्यांनाच वाटतं. खरं तर पाठ असतात ती पहिली दहा मिनिटं. टँकच्या ३५ स्टेज आहेत, त्यातल्या पहिल्या सात-आठच बहुतेकांनी पाहिल्या. मारिओचं चौथं जग पाहिलेले पुष्कळ, आठवं जग स्वतःच्या हाताने पार केलेले कमी. कॉन्ट्रा संपवलेले खूप जण भेटतात, पण ३० लाइफचा कोड न घालता संपवलेले क्वचित. आता सवड काढून हा संग्रह पुन्हा खेळायचा असेल तर माझं सांगणं एकच आहे: सगळं चाखत फिरू नका. चार खेळ निवडा आणि एकेक शेवटपर्यंत न्या. हे खेळ बनवणाऱ्यांनी आपलं खरं कसब उत्तरार्धात ठेवलं आहे, आणि ते पाहायचं तर आधी यंत्र, टीव्ही आणि वेग यांची घडी नीट बसवावी लागते.

आधी कॅसेटचा हिशेब. मेनूत हजारो ओळी दिसतात, पण खरे खेळ थोडे असतात. एकाच मारिओची पाच-सहा वेगवेगळी नावं, कुठे तो दुसऱ्या जगापासून सुरू होतो, कुठे उडी जास्त लांब जाते. एकाच टँकचे नकाशे बदललेल्या आवृत्त्या. यामागचं कारण तांत्रिक आहे. फॅमिकॉमचा प्रोसेसर कॅसेटमधला ३२ किलोबाइट प्रोग्रॅम आणि चित्रांची चिप ८ किलोबाइट चित्रं थेट वाचू शकते. त्याहून मोठा खेळ असेल तर कॅसेटमध्ये जादा चिप लागते, जी हवा तो तुकडा हव्या त्या वेळी समोर आणते. १९८३ ते १९८६च्या सुमाराचे पुष्कळ खेळ या ४० किलोबाइटांत बसत. 'सुपर मारिओ ब्रदर्स' बरोबर ४०, 'बॅटल सिटी' म्हणजे आपला टँक तर अवघा २४. असे छोटे खेळ एका मोठ्या मेमरीत भरणं सोपं आणि स्वस्त. म्हणून गॅलॅक्सियन, एक्साइटबाइक, रोड फायटर, आइस क्लायंबर, लोड रनर आणि बॉम्बरमॅन हे खेळ जवळपास प्रत्येक कॅसेटमध्ये भेटतात. कॉन्ट्रा १२८ किलोबाइटांचा, तो बहुधा वेगळ्या कॅसेटमध्ये मिळे. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' ३८४ किलोबाइटांचा, त्यामुळे तो आणखी दुर्मीळ.

या छोट्या खेळांत खेळ साठवण्याची सोय नव्हती. बॉम्बरमॅनला पासवर्ड आहे, बाकीच्यांना तोही नाही. संध्याकाळी भारनियमनाची वेळ झाली की सातव्या जगातला मारिओ गेला तो गेलाच. आज एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमवर, कुठल्याही क्षणी खेळ साठवता येतो, आणि या खेळांची चव बिघडते ती नेमकी इथे. प्रत्येक उडीआधी साठवून खेळ संपवला तर तो पाहून होतो, येत मात्र नाही. साठवण्याचा योग्य उपयोग सरावाला. मारिओच्या ८-१च्या, म्हणजे आठव्या जगातल्या पहिल्या स्टेजच्या, सुरुवातीला एक जागा साठवा, तेवढा भाग हातात बसेपर्यंत घोटा, आणि मग यंत्र नव्याने चालू करून पहिल्या स्टेजपासून एका बैठकीत खेळा. गवयी अवघड तान वेगळी काढून घोटतो, मैफलीत मात्र राग पहिल्या सुरापासून गातो, तसंच हे.

आता वेग. हा मुद्दा सर्वात जास्त दुर्लक्षित आहे, आणि जुने खेळाडू नव्या यंत्रावर का अडखळतात याचं उत्तरही त्यातच आहे.

जपान आणि अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवत, आपल्याकडच्या 'पाल' या टीव्ही-पद्धतीत ५०. या खेळांतलं सगळं गणित चित्रांवर चालतं: एका चित्राला मारिओ इतके बिंदू सरकणार, इतक्या चित्रांनी घड्याळाचा एक आकडा कमी होणार. त्यामुळे ६०साठी लिहिलेला खेळ ५०वर चालवला की तो पाच-षष्ठांश वेगाने चालतो. मारिओच्या घड्याळाचा एक आकडा २४ चित्रांचा असतो. म्हणजे ४००चं घड्याळ जपानी यंत्रावर १६० सेकंदांत संपतं आणि पाल यंत्रावर १९२ सेकंदांत. विचार करायला ३२ सेकंद जास्त, आणि प्रत्येक शत्रू त्याच प्रमाणात सावकाश.

पाल देशांसाठी बनलेल्या क्लोनची, म्हणजे फॅमिकॉमच्या नकलांची, आणखी एक खासियत आहे. निन्टेन्डोने युरोपात विकलेल्या अधिकृत यंत्रात प्रोसेसरही हळू होता, १.६६ मेगाहर्ट्झचा, म्हणून तिथे संगीत मंदही वाजे आणि स्वरही खाली उतरत. क्लोनमधल्या तैवानी चिपांनी प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर ठेवला, म्हणजे मूळच्या १.७९च्या अगदी जवळ. परिणाम असा की मारिओच्या धुनेचे स्वर जवळपास मूळ पट्टीत, पण लय मात्र संथ. आपल्या कानात बसलेली धून ही आहे. ६० चित्रांच्या एम्युलेटरवर तीच धून घाईत गायल्यासारखी वाटते, आणि उडी मारायचा क्षण दर वेळी किंचित चुकतो.

यावर उपाय आहे. मेसेन आणि एफसीईयूएक्स या दोन्ही एम्युलेटरांत प्रदेश निवडायच्या जागी 'डेंडी' असा पर्याय मिळतो. डेंडी हा रशियात गाजलेला फॅमिकॉमचा क्लोन, आणि त्याचं वेळापत्रक आपल्याकडच्या पाल क्लोनसारखंच. तो पर्याय निवडलात की ५० चित्रं आणि १.७७चा प्रोसेसर दोन्ही मिळतात. मात्र संगणकाचा मॉनिटर ६० हर्ट्झवर असेल तर ५० चित्रं त्यावर समान बसत नाहीत, दर पाचवं चित्र दोनदा दिसतं आणि सरकणारी पार्श्वभूमी अडखळते. मॉनिटरला ५० हर्ट्झ चालत असेल तर तो ५०वर न्या. चालत नसेल तर सरळ ६०चा जपानी वेग धरा आणि आठवडाभर त्यावर हात बसवा. दोन वेगांत उड्या मारत बसलात तर हाताला कुठलाच वेग सापडत नाही.

दुसरी अडचण उशिराची. जुन्या काचेच्या टीव्हीवर बटण दाबल्यापासून चित्र बदलेपर्यंत टीव्हीचा स्वतःचा वेळ जवळपास शून्य. आजचे सपाट टीव्ही चित्रावर संस्कार करतात आणि त्यात तीन-चार चित्रांचा उशीर सहज होतो. ६०च्या वेगात एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं, म्हणजे चार चित्रांचे ६७. कॉन्ट्रात गोळीवरून उडी मारायला तेवढा वेळ गेला तर संपलंच. टीव्हीच्या सेटिंगमधला 'गेम मोड' चालू करा, निम्मा प्रश्न तिथे सुटतो. खेळायचा रिमोट ब्लूटूथऐवजी यूएसबी वायरचा वापरा. रेट्रोआर्च या एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खेळाचा स्वतःचा उशीर कापणारी 'रन-अहेड' नावाची सोय आहे. ती लावण्याआधी मोजमाप करायचं: खेळ थांबवा, उडीचं बटण दाबून धरा, एकेक चित्र पुढे सरकवा आणि कितव्या चित्राला पात्र हलतं ते पाहा. तिसऱ्या चित्राला हललं तर रन-अहेड २ ठेवा. त्याहून जास्त ठेवलात तर उडीची पहिली चित्रं गिळली जातात आणि पात्र जागेवरून गायब होऊन वर दिसतं.

चित्राच्या आकाराचंही बघा. खेळाचं चित्र २५६ बाय २४० बिंदूंचं, पण प्रत्येक बिंदू उंचीपेक्षा थोडा रुंद, त्यामुळे पडद्यावर ते ४:३च्या आसपास दिसायला हवं. रुंद टीव्हीवर ताणलं की मारिओ बसका होतो आणि उडीचं अंतर डोळ्यांनी मोजता येत नाही. काळ्या पट्ट्या राहू द्या.

जुनं यंत्रच चालवायचं असेल तर सुरुवात अडॅप्टरपासून. मूळ फॅमिकॉमचा अडॅप्टर १० व्होल्ट डीसी, पिनचा मध्य ऋण. क्लोन बहुतेक ९ व्होल्टचे, पण पिनचा मध्य कुठे ऋण, कुठे धन. यंत्राच्या पोटावरचं चिन्ह पाहिल्याशिवाय हाताला येईल तो अडॅप्टर लावू नका, उलट जोडणीने आतला ७८०५ रेग्युलेटर पहिल्यांदा जातो. अमेरिकेतल्या एनईएस यंत्राचा अडॅप्टर ९ व्होल्टचा असला तरी तो एसी असतो, तो क्लोनला अजिबात चालत नाही. ७८०५ आत येणारा दाब ५ व्होल्टवर आणतो आणि उरलेला उष्णतेत घालवतो. ९ दिले तर ४ व्होल्ट उष्णतेत, १२ दिले तर ७. म्हणून १२चा अडॅप्टर लावलेलं यंत्र अर्ध्या तासात तापतं आणि चित्र थरथरू लागतं. मल्टिमीटरने ७८०५च्या बाहेर पडणाऱ्या पायावर ४.८ ते ५.२ दिसायला हवेत. तेवढे असूनही चित्रात आडव्या लाटा येत असतील तर त्याच्या शेजारचे कपॅसिटर कोरडे पडलेले असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन्ही वस्तू अगदी किरकोळ किमतीत मिळतात.

कॅसेट लागत नाही म्हणून फुंकर मारायची सवय सर्वांची. फुंकर मारून खेळ चालू होतो तो फुंकरीमुळे नव्हे, कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना नव्या जागी टेकतात म्हणून. श्वासातली ओल मात्र तांब्याच्या पट्ट्यांवर राहते आणि त्या हळूहळू काळवंडतात. कापसाची काडी, ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल, पट्ट्यांच्या दोन्ही बाजू लांबीच्या दिशेने पुसायच्या आणि पाच मिनिटं वाळू द्यायच्या. काडी काळी येते तोवर पुन्हा. सँडपेपर लावू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो. पट्ट्या स्वच्छ असूनही पडद्यावर चौकडी दिसली तर कॅसेट उघडून बघा. बहुतेक नकली कॅसेटींत चिपऐवजी बोर्डावर लाखेसारखा काळा गोळा असतो. त्या गोळ्याखालचे तंतू तुटले तर दुरुस्ती नाही.

रिमोटचं बटण दाबूनही उडी बसत नसेल तर मागचे स्क्रू काढा. रबराच्या पडद्यावर काळ्या कार्बनच्या टिकल्या असतात, त्या आणि बोर्डावरच्या जागा त्याच अल्कोहोलने हलके पुसा. एकच दिशा कायमची मेली असेल तर दोष बहुधा वायरीत, रिमोटच्या तोंडाशी जिथे ती सतत वाकते तिथे. दोन इंच कापून पुन्हा डाग द्या.

टीव्हीच्या पिवळ्या एव्ही तोंडातून नव्या सपाट टीव्हीवर जोडणार असाल तर एक विचित्र प्रकार दिसेल. मार लागलेला मारिओ लुकलुकायच्या ऐवजी पूर्ण गायब होतो किंवा अजिबात लुकलुकत नाही. हे यंत्र दर वेळी त्याच २४० ओळी पाठवतं, टीव्ही मात्र त्यांना अर्ध्या-अर्ध्या ओळींचं चित्र समजून सांधत बसतो. बिघाड यंत्रात नाही, कॅसेटमध्येही नाही. बंदुकीचा डक हंट तर सपाट टीव्हीवर चालतच नाही. ट्रिगर ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीतला प्रकाशग्राहक ठराविक चित्राच्या वेळी काचेच्या नळीचा प्रकाश शोधतो. उशिरा येणारा प्रकाश तो मोजतच नाही. डक हंट हवाच असेल तर जुना काचेचा टीव्ही शोधा.

एवढी घडी बसली की खेळाकडे वळू. पहिला टँक घ्या.

नामकोचा 'बॅटल सिटी' १९८५चा. प्रत्येक स्टेजला २० शत्रू टँक, वरच्या कडेला डावीकडून, मधून आणि उजवीकडून पाळीपाळीने उतरतात. एकटे खेळताना पडद्यावर एका वेळी ४, दोघे असाल तर ६. साधा टँक १०० गुणांचा, वेगवान २००चा, झटपट गोळी सोडणारा ३००चा आणि चार गोळ्या खाणारा चिलखती ४००चा. या खेळाचा कणा एका माहितीत आहे: बोनस देणारा लुकलुकता टँक दर स्टेजला चौथा, अकरावा आणि अठरावाच असतो. त्यामुळे मोजत खेळायचं. उजव्या कडेला उरलेल्या टँकांची चिन्हं असतात, ती पाहून तीन झाले की हात आवरता घ्या, पुढचा उतरेल त्याची जागा हेरा आणि आपला रस्ता मोकळा ठेवा. नवा लुकलुकता टँक उतरला की आधीचा न उचललेला बोनस नाहीसा होतो, म्हणून अकरावा उतरायच्या आधी पहिला घेऊन टाका.

तारा सर्वात मोलाचा. एका ताऱ्याने गोळी वेगवान होते, दुसऱ्याने एका वेळी दोन गोळ्या सुटतात, तिसऱ्याने लोखंडी भिंत फुटते. तारे पुढच्या स्टेजला बरोबर येतात, पण एक लाइफ गेली की तिन्ही जातात. या नियमातून खेळण्याची सगळी पद्धत ठरते. विसाव्या स्टेजनंतर ताऱ्यांशिवाय चिलखती टँकांसमोर उभं राहणं फार कठीण, म्हणून चौथा टँक मिळवायला जीव धोक्यात घालण्यापेक्षा जिवंत राहणं जास्त फायद्याचं. फावड्याने गरुडाभोवतीची, म्हणजे आपल्याला राखायच्या तळाभोवतीची, विटांची भिंत काही वेळ लोखंडी होते, ते स्टेजच्या शेवटच्या गर्दीत घेता आलं तर उत्तम. बॉम्बने फुटलेल्या टँकांचे गुण मिळत नाहीत, पण उत्तरार्धात गुणांपेक्षा मोकळा श्वास हवा असतो.

नवख्यांचा टँक मरतो त्याहून जास्त वेळा गरुड मरतो, आणि पुष्कळदा स्वतःच्याच गोळीने. गरुडाच्या रेषेत खाली तोंड करून कधीही गोळी सोडू नका, त्याच आडव्या ओळीत तर नकोच. दोघे खेळत असाल तर एकाने गरुडाच्या वर, पडद्याच्या मध्याजवळ ठाण मांडायचं आणि दुसऱ्याने बोनस टिपायचे. जोडीदाराची गोळी लागली की आपण काही क्षण गोठतो, त्यामुळे एकाच गल्लीत दोघांनी शिरणं घातक. समोरून येणाऱ्या गोळीला आपली गोळी लागली की दोन्ही नष्ट होतात, हे ध्यानात ठेवून चिलखती टँकाशी समोरासमोर उभं राहता येतं.

सुरुवातीला स्टेजचा आकडा दिसतो तेव्हा ए आणि बी बटणांनी तो बदलता येतो. सरावासाठी ही मूळ खेळातलीच सोय आहे. २५पासून पुढच्या स्टेज सुट्या सुट्या घोटा, आणि मग १पासून सलग. ३५ झाल्यावर नकाशे पुन्हा पहिल्यापासून येतात. माझ्या मते या संग्रहातला सर्वात नेटका खेळ हाच. २४ किलोबाइटांत इतका विचार क्वचितच कुणी भरला असेल.

दुसरा हडसनचा 'अ‍ॅडव्हेंचर आयलंड', १९८६चा. कुऱ्हाड फेकत पळणारा टोपीवाला. आठ प्रदेश, प्रत्येकी चार फेऱ्या, आणि वरची ऊर्जेची पट्टी सतत उतरणारी. फळं खात राहिलं नाही तर पळता पळताच जीव जातो. दूध मिळालं की पट्टी भरते, वांगं चिकटलं की झपाट्याने उतरते. स्केटबोर्डवर थांबता येत नाही, फक्त वेग कमी होतो, म्हणून खड्ड्यांच्या फेरीत तो टाळलेला बरा. सर्वात मोठी गोम पहिल्याच फेरीत आहे: शेवटाजवळ लपलेल्या अंड्यात हडसनची मधमाशी आहे. ती मिळवली तरच गेम ओव्हर झाल्यावर खेळ पुढे चालू ठेवता येतो. ती न घेता ३२ फेऱ्या काढायला बसणं म्हणजे पहिल्या पावलालाच दोर कापून घेणं. प्रत्येक चौथ्या फेरीअखेर तोच राक्षस भेटतो, फक्त डोकं बदललेलं. आगीचे गोळे हातात असतील तर तो सोपा, म्हणून चौथ्या फेरीत विनाकारण जीव घालवू नका.

बाकीच्या छोट्या खेळांसाठी एक संध्याकाळ पुरे. रोड फायटरमध्ये धक्का लागून गाडी घसरली की लगेच दिशा सावरायला शिका, आणि पेट्रोल देणारी रंगीबेरंगी गाडी सोडू नका. एक्साइटबाइकमध्ये बीचा जोर सतत दाबला तर इंजिन तापून बंद पडतं, रस्त्यावरच्या बाणांवरून गेलं की ते थंड होतं. बॉम्बरमॅनच्या ५० स्टेज आहेत, पासवर्ड लिहून ठेवत महिनाभर निवांत खेळा.

कॉन्ट्रा मात्र पूर्ण ताकदीने. कोनामीची ही आवृत्ती १९८८ची. युरोपात हाच खेळ माणसांऐवजी यंत्रमानव घालून प्रोबोटेक्टर नावाने विकला, आपल्या कॅसेटींत मात्र माणसंच होती. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए स्टार्ट, हा कोड कुणाला येत नाही! दोघांसाठी स्टार्टच्या आधी सिलेक्ट. तो काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या 'ग्रेडियस'मध्ये पहिल्यांदा घातला. कारण साधं होतं, चाचणी करताना त्यांना स्वतःला तो खेळ फार अवघड जात होता. पण ३० लाइफ घेऊन कॉन्ट्रा संपवण्यात खेळाचं खरं गणित दिसत नाही. ३ लाइफ आणि ३ कंटिन्यू, एवढ्यावर आठही स्टेज निघतात, आणि निघण्याची वाट हत्यारातून जाते.

मेलात की हत्यार जातं. इथला सगळा ताण या एका नियमाचा. एस म्हणजे पसरणारी गोळी सर्वांत भारी, तिला आरची जोड मिळाली की गोळ्या वेगाने जातात. हातात एस असताना एफ (आगीचा गोळा) किंवा एल (लेझर) चुकून उचलणं हा मरणाइतकाच तोटा, म्हणून नको ते हत्यार पडलं की त्यावरून उडी मारा किंवा ते पडद्याबाहेर जाईपर्यंत मागे थांबा. एलची पट्टी बटण पुन्हा दाबलं की अर्ध्यातच तुटते, घाईने दाबणाऱ्याच्या हातात ते हत्यार निकामी. एम म्हणजे मशीनगन बटण नुसतं दाबून धरलं तरी चालते, आणि एस मिळत नसेल तेव्हा तेच बरं.

तिसऱ्या स्टेजला, धबधब्यात, दोघे खेळताना भांडणं का होतात ते सांगायला नको. वरचा चढला की पडदा वर सरकतो आणि खालचा कडेखाली जाऊन मरतो. ठरवून एकाने पुढे, दुसऱ्याने एक फळी मागे, आणि दोघे एकाच फळीवर आल्याशिवाय पुढची उडी नाही. सहाव्या स्टेजला आगीचे झोत आहेत. त्यांची लय ठरलेली असते. उभं राहून दोनदा पाहा, विझल्याबरोबर निघा. सातव्यात वरून पडणारे पंजे आणि काटेरी भिंती येतात, तिथे पुढे पळणारा मरतो. दोन पावलं, थांबा, भिंत फोडा, पुन्हा दोन पावलं. सातव्या स्टेजच्या शेवटापर्यंत एस टिकवला तर आठव्यातलं हृदय फोडायला फारसा वेळ लागत नाही.

गर्दी वाढली की खेळ मंदावतो आणि गोळ्या लुकलुकू लागतात. एका आडव्या ओळीत ८पेक्षा जास्त हलती चित्रं हे यंत्र दाखवू शकत नाही, म्हणून खेळ त्यांना आळीपाळीने दाखवतो. एम्युलेटरात ही मर्यादा काढता येते. पहिल्यांदा खेळताना काढू नका, कारण काही खेळांनी याच मर्यादेचा उपयोग करून पात्रं मुद्दाम लपवली आहेत. मंदावणं तर कॉन्ट्रात खेळाडूच्या बाजूचं असतं, गर्दीतून वाट काढायला तेवढीच फुरसत.

मारिओ शेवटी घ्या, १३ सप्टेंबर १९८५चा. ३२ स्टेज. यातल्या पाच स्टेज दोनदा येतात: १-३ पुन्हा ५-३ म्हणून, १-४ ही ६-४ म्हणून, २-२ ही ७-२, २-३ ही ७-३ आणि २-४ ही ५-४. ४० किलोबाइटांत जागा नव्हती, म्हणून तोच नकाशा जास्त शत्रू घालून वापरला. ढग आणि झुडूपही एकाच चित्राचे, फक्त रंग वेगळे. याचा सरळ फायदा घ्या. पहिल्या दोन जगांतल्या या पाच स्टेज घट्ट बसवल्या की पुढच्या पाच अर्ध्या आपोआप येतात. १-२च्या छतावरून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जगात आणि ४-२च्या वेलीवरून सहाव्या, सातव्या, आठव्यात उडी मारता येते, पण एकदा तरी आठही जगं चालत जा.

३-१च्या शेवटी पायऱ्यांवर कासवाला उडवत ठेवून लाइफ वाढवायची युक्ती सर्वांना माहीत आहे. तिला हद्द आहे. लाइफ १२७च्या पुढे गेल्या की यंत्राच्या हिशेबात आकडा ऋण होतो आणि पुढच्या एका मरणात गेम ओव्हर. पंचवीस-तीस पुरे. गेम ओव्हर झाला तरी पहिल्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं की मेलात त्याच जगाच्या पहिल्या स्टेजपासून खेळ चालू होतो. ही सोय लहानपणी कळली असती तर किती सुट्ट्या वाचल्या असत्या!

४-४ आणि ७-४ या किल्ल्यांत चुकीच्या मजल्यावरून गेलात की तेच दालन पुन्हा येतं. वही घ्या, प्रत्येक दालनात वरून, मधून की खालून गेलात ते लिहा, दोन-तीन फेऱ्यांत वाट सापडते. आठव्या जगात अर्ध्या वाटेवर पुन्हा सुरू होण्याची सोय नाही, मेलात की स्टेजच्या पहिल्या पावलाला. ८-१ लांबलचक आणि घड्याळ फक्त ३००चं, त्यामुळे बी दाबून सतत धावावं लागतं. हे घड्याळ ६०च्या वेगात दोन मिनिटांत संपतं. ८-३मध्ये हातोडे फेकणारे जोडीने येतात. ते उडी मारतात तेव्हा त्यांच्या खालून निसटायला धावण्याचा वेग हवा, थांबलात तर हातोड्यांचा पाऊस. ८-४ पाइपांची भूलभुलय्या आहे, चुकीच्या पाइपात शिरलात की पुन्हा आधीच्या भागात. इथेही वहीच कामाची. आगीचं फूल शेवटापर्यंत टिकलं तर बाउझर या शेवटच्या राक्षसाला पाच गोळे पुरतात. न टिकलं तर तो उडी मारेल तेव्हा खालून निघून मागची कुऱ्हाड गाठायची.

राजकन्या भेटल्यावर बी दाबा, जग निवडता येतं आणि दुसरा फेरा सुरू होतो. या फेऱ्यात गूम्बा या साध्या चालत्या शत्रूंच्या जागी काळ्या पाठीचे किडे येतात, त्यांना आगीचा गोळा लागत नाही. सवयीने फेकत राहिलात तर १-१मध्येच मराल. त्यांच्या डोक्यावर उडी मारा, कवच झालं की लाथ घाला आणि लगेच मागे सरका, भिंतीवर आपटून ते तुमच्याकडेच परत येतं.